सांध्यांचा आजार, मग पोट का बिघडतं?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मुलांमधल्या संयोजी ऊतींच्या आजारांवर मागच्या अंकात लेख आला होता. त्यात भर होता त्वचा, सांधे आणि मूत्रपिंडांवर. पत्रं मात्र बहुतेक पोटाबद्दल आली. त्यातल्या निवडक पत्रांना बालसंधिवाततज्ज्ञ आणि बालपचनविकारतज्ज्ञ या दोघांनी मिळून इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : शरीरातले अवयव बांधून, तोलून धरणाऱ्या ऊती म्हणजे संयोजी ऊती. त्या त्वचेत आहेत, सांध्यांत आहेत, रक्तवाहिन्यांच्या आणि आतड्याच्या भिंतींतही आहेत. काही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. ल्युपस (अनेक अवयवांना सूज आणणारा), डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंना धरणारा), स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा) हे त्यातले. एहलर्स-डॅनलॉस, मार्फान अशा काही आजारांत या ऊतींची घडणच जन्मतः वेगळी असते. अशा मुलाचं पोट बिघडलं की आम्ही तीन शक्यता तपासतो. मूळ आजार आतड्यापर्यंत पोचलाय का? औषधाचा त्रास आहे का? की कुठल्याही मुलाला होतो तसा साधा बिघाड आहे? तिन्हींचे उपाय वेगळे, काही वेळा एकमेकांच्या उलट. म्हणून ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून आठवडे काढू नयेत आणि प्रत्येक ढेकरेला घाबरूही नये.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला सिस्टेमिक स्क्लेरोडर्मा आहे. बोटं गार आणि निळी पडतात म्हणून निफेडिपिनची गोळी चालू आहे. काही महिन्यांपासून पोळीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, रात्री आडवी झाली की खोकते, तोंडाला आंबट पाणी सुटतं. आता जेवल्यावर पोट तट्ट फुगतं आणि वजनही उतरतंय. अ‍ॅसिडिटीचं सिरप दिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घर लहान आहे, आम्ही सगळे खाली गाद्या घालून झोपतो. काय करावं? — एक आई, डोंबिवली

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या तक्रारी एकाच साखळीतल्या आहेत. अन्ननलिकेच्या खालच्या साधारण दोन-तृतीयांश भागात आपोआप चालणारे स्नायू असतात. स्क्लेरोडर्मात ते बारीक होतात आणि त्यांच्या जागी चिवट तंतू तयार होतात. घास खाली ढकलणारी लाट मंदावते आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडते. म्हणून खाताना अन्न अडकतं आणि आडवं झाल्यावर आम्ल वर येतं. मुलगी बसलेली असते तेव्हा अन्न निदान वजनाने तरी खाली उतरतं, झोपल्यावर तो आधारही जातो. बेरियमची तपासणी (पांढरं द्रावण पाजून काढलेला एक्स-रे) करताना मुलीला उभं आणि आडवं, दोन्ही स्थितींत पाहायला सांगा. नुसतं उभं राहून केलेली तपासणी ठीक दिसू शकते.

सिरप आम्ल तेवढ्यापुरतं शमवतं. या मुलांना सहसा आम्ल तयार होणंच कमी करणारं औषध लागतं, म्हणजे ओमेप्राझोल किंवा त्याच्या जातीचं, वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत. ते नाश्त्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायचं. जेवणानंतर घेतलं तर त्याचा उपयोग कमी होतो आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा समज होतो. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालून द्या. दाणे चावायचे नाहीत आणि कुटायचे तर मुळीच नाहीत. त्यांच्यावरचं आवरण फुटलं तर जठरातच औषध वाया जातं.

निफेडिपिनकडे विशेष लक्ष द्या. बोटांच्या रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध अन्ननलिकेची झडपही सैल करतं, त्यामुळे घशाशी येणं वाढू शकतं. स्वतःहून ते बंद करू नका, बोटांवर जखमा होऊ शकतात. पण पुढच्या भेटीत हा प्रश्न स्पष्ट विचारा. मात्रा कमी करता येते किंवा दुसरं औषध निवडता येतं.

आता झोपण्याबद्दल. पलंग असता तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवायला सांगितले असते. खाली झोपतानाही ते जमतं. साधारण तीन फूट लांबीची प्लायची फळी घ्या. तिचं एक टोक १५ सेंटिमीटर उंच ठोकळ्यांवर ठेवा, दुसरं जमिनीवर टेका आणि त्यावर गादी घाला. डोक्यापासून कमरेपर्यंत सरळ उतार मिळायला हवा. ठोकळे फळीला खिळ्यांनी ठोकून घ्या, नाहीतर रात्रीत सरकतात. उशांवर उशा रचणं हा उपाय नाही. त्यात मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट जास्त वर येतं. डाव्या कुशीवर झोपण्याची सवय लावता आली तर उत्तम.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तास जायला हवेत. घरातली मोठी माणसं लोकलने साडेनऊला पोचतात आणि मग सगळे एकत्र बसतात, हे आम्हाला माहीत आहे. मुलीला साडेसातला वाढा. सगळे जेवतील तेव्हा ती सोबत नुसती बसेल. दिवसाचं खाणं पाच-सहा लहान वाट्यांत विभागा. पोळी वरणात किंवा दुधात भिजवून, भात मऊ, भाजी शिजवून बारीक. कोरडी भाकरी, चिवडा, पाव नुसता खायला देऊ नका, तेच अडकतात. घासाघासाला घोटभर पाणी चालेल.

पोट फुगणं आणि वजन उतरणं याची आम्हाला जास्त काळजी वाटते. लहान आतड्याची हालचाल मंदावली की एरवी मोठ्या आतड्यात राहणारे जंतू लहान आतड्यात साचून वाढतात. ते अन्न आंबवतात, त्यामुळे गॅस होतो. पित्तक्षार निकामी करतात, त्यामुळे तेल-तूप पचत नाही आणि शी फिकट, चिकट, उग्र वासाची होते, एका फ्लशमध्ये जात नाही. जीवनसत्त्व बी-१२ही तेच खाऊन टाकतात. ग्लुकोज पाजून श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी केली तर हे कळतं. ती सोय नसेल तर डॉक्टर रिफॅक्सिमिन किंवा मेट्रोनिडॅझोलसारख्या प्रतिजैविकाचा कोर्स देऊन फरक पाहतात. त्रास पुन्हा उद्भवू शकतो आणि काही मुलांना ठरावीक अंतराने आलटून-पालटून कोर्स द्यावे लागतात. सोबत हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) बघून घ्या.

आणखी दोन सूचना. अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर डॉम्पेरिडोन असलेली जोडगोळी केमिस्टकडून परस्पर आणू नका. ते आतड्याला चालना देतं हे खरं, पण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं आणि या आजारात हृदयही तपासावं लागतं. आधी ईसीजी, मग औषध. दुसरं म्हणजे इसबगोल. एरवी ते चांगलं, पण ज्यांचं आतडं फारच मंद आहे त्यांच्यात त्याचा फुगलेला लगदा तिथेच अडकून बसतो. बद्धकोष्ठ असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर बरी.

हिरवी उलटी, पोट नगाऱ्यासारखं घट्ट आणि वारा-शी दोन्ही बंद, असं झालं तर थेट इस्पितळात जा. तिथल्या सर्जनना ‘स्क्लेरोडर्मा आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. या आजारात कुठेही प्रत्यक्ष अडथळा नसताना आतडं बंद पडल्यासारखं वागू शकतं. तेव्हा बऱ्याचदा तोंडाने खाणं थांबवून, नळी आणि सलाइनवर ठेवून ते सुटतं. अशा वेळी पोट उघडलं तर त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त असते.

प्रश्न : माझ्या ७ वर्षांच्या नातवाला डर्मॅटोमायोसायटिस झालाय. जिना चढवत नाही, खाली बसला की हात धरून उठवावं लागतं. औषधं सुरू झाली आहेत. गेल्या आठवड्यापासून पाणी पिताना नाकातून येतं आणि बोलणं गेंगाणं झालंय. सून म्हणते, जेवणाचा कंटाळा म्हणून नाटकं करतो. मी मांडीवर आडवा घेऊन भरवते. — आजी, लालबाग

उत्तर : आजी, हे पत्र आमच्या हाती आलं त्याच दिवशी तुम्हाला फोनवरून निरोप दिला होता. इतर वाचकांसाठी तो इथे पुन्हा देत आहोत. आडवा घेऊन भरवणं आजपासून बंद. हे नाटक नाही. या आजारात हातापायांचे स्नायू दुबळे होतात तसेच घशाचे आणि अन्ननलिकेच्या वरच्या भागाचेही होतात. टाळू वर उचलला जात नाही म्हणून पाणी नाकात शिरतं आणि आवाज नाकातून येतो. यापुढची पायरी म्हणजे पाणी श्वासनलिकेत उतरणं. खोकण्याचे स्नायूही अशक्त असतात, त्यामुळे ठसका न लागता अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. ‘ठसका तर लागत नाही ना’ हा दिलासा इथे खोटा ठरतो.

नाकातून पाणी येणं, आवाज बदलणं, जेवताना वारंवार घसा खाकरणं, जेवणानंतर घुरघुर, विनाकारण ताप यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं. गिळण्याची एक्स-रे फिल्म काढतात, तिच्यात घास कुठे जातोय ते चालत्या चित्रात दिसतं. ही तपासणी आणि गिळण्याचे व्यायाम स्पीच थेरपिस्ट करून घेतात. घशाचे स्नायू धरले गेले की आजार तीव्र समजला जातो आणि औषधांची मात्राही त्यानुसार वाढवतात. काही दिवस नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागलं तर घाबरू नका. घशात ताकद आली की ती काढतात.

तोवर डॉक्टरांनी तोंडाने द्यायला परवानगी दिली असेल तर ताठ बसवून द्या. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली. छोटा चमचा, अर्धाच भरलेला. एक घास गिळून झाला, तोंड रिकामं दिसलं, की मगच दुसरा. टीव्ही बंद. जेवणानंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचे, कारण ते वेगाने घरंगळतात. पाणी, ताक, चहा, सार हे तज्ज्ञ सांगतील तितके घट्ट करून द्यायचे. मऊ खिमट, नाचणीची घट्टसर पेज, तांदळाची उकड, कुस्करलेलं केळं, घट्ट दही हे सोपं जातं. आमटी-भात मऊ असला तरी या मुलांना अवघड. आमटी आधी घशात उतरते, शितं तोंडातच राहतात आणि दोन्ही सांभाळणं त्या स्नायूंना जमत नाही. एक तर दोन्ही एकजीव घोटा किंवा सध्या टाळा.

सूनबाईंनाही हे वाचून दाखवा. याच आजारात क्वचित आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात आणि आतड्याला जखमा होतात, भोक पडू शकतं. पोटात सतत दुखत राहणं, पोटाला हात लावू न देणं, काळी डांबरासारखी किंवा लाल शी होणं ही त्याची लक्षणं. स्टिरॉइड चालू असलेल्या मुलात पोट कडक होणं, ताप येणं ही नेहमीची चिन्हं झाकली जातात. म्हणून ‘पोट मऊ लागतंय, बघू उद्या’ असं या मुलांच्या बाबतीत चालत नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि गरज पडली तर सीटी स्कॅन हवा.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलीला ल्युपस आहे. तीन दिवस पोटात कळा येताहेत, दोनदा उलटी झाली. फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्यात. शिवाय पाय सुजल्यासारखे वाटतात, पण लघवीची तपासणी नॉर्मल आहे. — वडील, ठाणे

उत्तर : तीन दिवसांच्या कळा आणि उलट्या असलेल्या ल्युपसच्या मुलीला घरी ठेवू नका. पुष्कळदा कारण साधं निघेलही, पण ते तपासून ठरवायचं. ल्युपसमध्ये आतड्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते. सीटी स्कॅनवर आतड्याची भिंत जाड, थराथरांची दिसते. वेळेत शिरेतून स्टिरॉइड दिलं तर बहुतेकदा उतार पडतो, उशीर झाला तर आतडं सडू शकतं. दुसरी शक्यता स्वादुपिंडाच्या सुजेची. वरच्या पोटात दुखून पाठीकडे कळ जाते. अमायलेज आणि लायपेज या रक्ततपासण्यांत ते कळतं. आपल्याकडे आतड्याचा क्षयही लक्षात ठेवावा लागतो, विशेषतः स्टिरॉइड बरेच महिने चालू असेल, वजन घटत असेल आणि संध्याकाळी बारीक ताप येत असेल तर. ल्युपस वाढलाय समजून नुसतं स्टिरॉइड वाढवलं आणि खाली क्षय निघाला, तर मोठं नुकसान होतं.

पायांच्या सुजेबद्दल तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ल्युपसमध्ये सूज दिसली की सगळ्यांची नजर मूत्रपिंडाकडे जाते. लघवीत प्रथिनं नसतील आणि रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल, तर प्रथिनं आतड्यावाटे झिरपत असण्याची शक्यता असते. शीमध्ये अल्फा-१ अँटिट्रिप्सिन तपासून ते सिद्ध करता येतं. ही तपासणी आपणहून कुणी सांगत नाही, विचारावी लागते. टाळूवर न दुखणारे फोड आहेत का, तेही टॉर्च लावून पाहा. ल्युपसमधले फोड न दुखल्यामुळे मुलं सांगत नाहीत.

मुलगी मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेत असेल तर त्यानेही पोट बिघडतं. मात्रा दोनऐवजी तीन भागांत दिल्याने किंवा वेगळ्या आवरणाची गोळी दिल्याने फरक पडतो. आम्ल कमी करणाऱ्या काही औषधांनी मात्र मायकोफेनोलेट शरीरात कमी शोषलं जातं. म्हणून फॅमिली डॉक्टरांनी दिलेली गोळी ल्युपसच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मेथोट्रेक्सेटची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) गोळी दर रविवारी. शनिवारपासूनच मुलाचा चेहरा उतरतो. आता पिवळी डबी दिसली तरी ओकाऱ्या येतात. गोळी पोटात जायच्या आधीच! — आई, मुलुंड

उत्तर : पोटात जायच्या आधी येणारी मळमळ ही औषधाची नसून आठवणीची असते, पण असते खरी. पुष्कळ मुलांना ती होते. रागावून, नाक दाबून गोळी दिली की पुढच्या आठवड्याला ती पक्की होते. डबी बदला, जागा बदला, गोळी मोठ्या माणसाने दुसऱ्या खोलीत काढून आणावी. रविवारऐवजी शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री जेवणानंतर, झोपण्याआधी द्या. मळमळीचा बराचसा काळ झोपेत जातो आणि सोमवारची शाळाही बुडत नाही. तासभर आधी ओन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध देता येतं. डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका. एवढं करूनही जमत नसेल तर त्वचेखालच्या इंजेक्शनबद्दल विचारा. सुई बारीक असते, घरी देता येतं, आणि काही मुलांना ते गोळीपेक्षा खूपच सुसह्य वाटतं.

एक धोका मात्र ठळकपणे सांगतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. फॉलिक अ‍ॅसिडची आणि मेथोट्रेक्सेटची, दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात. त्या एका डबीत ठेवल्या आणि चुकून मेथोट्रेक्सेट रोज गेलं, तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. दोन वेगळ्या जागा, पाकिटावर मोठ्या अक्षरांत वार. आणि जुलाबांसाठी कुणी को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक लिहून दिलं तर ‘मूल मेथोट्रेक्सेटवर आहे’ हे तिथेच सांगा. ही दोन औषधं तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय एकत्र नकोत.

प्रश्न : माझी भाची ९ वर्षांची, शिवाजी पार्कला मल्लखांब शिकते. अंग इतकं लवचीक की सगळे कौतुक करतात. पण वर्षभर पोट दुखतं, चार-चार दिवस शी होत नाही आणि चड्डीला मात्र रोज डाग. शाळेत चिडवतात. डॉक्टरांनी सांध्यांची अतिलवचीकता म्हटलं. दोन्हींचा संबंध आहे का? — मावशी, दादर

उत्तर : असू शकतो. आधी लवचीकतेबद्दल. करंगळी मागे ९० अंशांपर्यंत वळते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघे १० अंशांपेक्षा जास्त उलटे जातात का, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का, अशी ९ गुणांची चाचणी असते. मुलांत ६ किंवा जास्त गुण आले तर अतिलवचीक म्हणतात. पुष्कळ धडधाकट मुलं यात बसतात, त्यामुळे एवढ्यावरून आजाराचा शिक्का मारू नये. मल्लखांबही बंद करू नका. स्नायू बळकट झाले की सैल सांध्यांना आधारच मिळतो. सांधा निखळत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहत असेल तरच थांबवून दाखवा.

चड्डीला लागणारे डाग जुलाबाचे नसतात आणि आळसाचेही नसतात. गुदाशयात शीचा कठीण गोळा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी पाझरते. अतिलवचीक मुलांत गुदाशयाची भिंत जास्त ताणली जाते, जुन्या इलास्टिकसारखी ती लगेच परत आक्रसत नाही, आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. त्यात मुंबईतल्या शाळांच्या संडासांची अवस्था अशी, की मुली सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत दाबून धरतात.

जुलाब समजून केळी आणि साबुदाणा देत राहिलात तर गोळा आणखी घट्ट होईल. उपचाराचे दोन टप्पे आहेत. पहिला, साचलेलं बाहेर काढणं : पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, दर किलो वजनाला रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. २५ किलोच्या मुलीला म्हणजे रोज २५ ते ३७ ग्रॅम, पाण्यात विरघळवून दिवसभरात. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सुट्टीच्या दिवसांत सुरू करा, कारण संडासला बरेचदा जावं लागतं. दुसरा टप्पा, पुन्हा साचू न देणं : दर किलोला साधारण ०.४ ग्रॅमपासून सुरुवात, म्हणजे याच मुलीला १० ग्रॅम, आणि रोज एक मऊ शी होईल अशी मात्रा वर-खाली करायची. इथे बहुतेकांचं चुकतं. आठवड्याभरात पोट साफ झालं की पावडर बंद करतात, आणि ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायच्या आतच गोळा पुन्हा बसतो. किमान दोन महिने द्यायची. सगळा त्रास थांबून महिना झाला की हळूहळू कमी करायची. पावडरची सवय लागत नाही, ती आतड्यात पाणी धरून ठेवते इतकंच.

सोबत सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर पाच ते दहा मिनिटं संडासात बसवा, कारण जेवल्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. कमोड असेल तर पायांखाली पाट द्या. पाय लोंबकळत असले तर जोर लागत नाही. डाग लागला म्हणून ओरडायचं नाही. वर्गशिक्षकांना भेटून तासाच्या मध्ये जाण्याची परवानगी आणि दप्तरात जादा चड्डी, हे मावशीनेच करून टाकावं.

एका गोष्टीबाबत सावध राहा. त्वचा इतकी पातळ की शिरांचं जाळं दिसतं, जराशा धक्क्याने मोठे काळे-निळे डाग, घरात कुणाचं तरुणपणी रक्तवाहिनी किंवा आतडं फुटून निधन, असं असेल तर रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅनलॉस हा दुर्मीळ प्रकार असू शकतो. अशा मुलात एनिमा किंवा कोलोनोस्कोपी करण्याआधी ही शंका सांगितलीच पाहिजे, कारण मोठं आतडं फाटण्याचा धोका असतो. सीओएल३ए१ या जनुकाच्या तपासणीने निदान होतं.

प्रश्न : पावसाळ्यात मुलाला गॅस्ट्रो झाला. त्याला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्यायची का? — वडील, कुर्ला

उत्तर : गोळी दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा द्या. तीही टिकली नाही तर इस्पितळ गाठा, कितीही पाऊस असो. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं थंडावलेलं असतं. आजारपणात ते कमी पडलं तर रक्तदाब आणि साखर कोसळते. मूल गळून जातं, गार पडतं. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. ‘स्टिरॉइडवर आहे, अचानक बंद करू नये’ अशी चिठ्ठी मात्रेसह दप्तरात आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

मेथोट्रेक्सेटचं मात्र उलट. ते उलटीत पडलं तर पुन्हा द्यायचं नाही, आणि जुलाबांनी पाणी कमी झालेलं असताना त्या आठवड्याचा डोस डॉक्टरांना विचारून पुढे ढकलायचा. नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही त्या दिवसांत नकोत, मूत्रपिंडावर ताण येतो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, लहान पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दर पातळ शीनंतर १०० ते २०० मिलिलिटर, उलटी होत असेल तर चमच्या-चमच्याने. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत. त्यातल्या जादा साखरेने जुलाब वाढतात, आणि अशा पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या मुलांना नकोत.

प्रश्न : गहू आणि दूध बंद केलं तर असे आजार बरे होतात म्हणतात. गुळवेलही सुचवलीय. — आई, गोरेगाव

उत्तर : गहू बंद करण्याआधी सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या. आधी बंद केलात तर तपासणी खोटीच नॉर्मल येते आणि मग खरं काय ते कळणं अवघड होतं. दूध बंद करून तर स्टिरॉइडवरच्या मुलाची हाडं आणखी ठिसूळ होतील. १० ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दुधाने पोट फुगत असेल तर दही, ताक, पनीर द्या. नाचणी द्या, तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कच्ची मोडाची कडधान्यं मात्र वाफवूनच द्या, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत.

गुळवेल नको. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा प्रौढ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती आधीच अति चेतलेली आहे. तिला आणखी चेतवणारं काही देणं आणि त्याच वेळी ती दाबायला औषधं देणं, यात हाल मुलाचेच होतात.

प्रश्न : आम्ही विरारला राहतो. कुठे दाखवावं आणि जाताना काय न्यावं? — वडील

उत्तर : परळच्या वाडिया बालरुग्णालयात मुलांच्या संधिवाताचे आणि पचनाचे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात. केईएम रुग्णालयही तिथून जवळच आहे. ओपीडीचे वार फोन करून विचारा, नाहीतर विरारहून येऊन हात हलवत परत जावं लागेल. खर्चाची अडचण असेल तर पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा.

जुना केसपेपर, स्कॅनचे रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही, चालू औषधांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. वर्षभरातली उंची-वजनं तारखेसह लिहून न्या. शाळेच्या आरोग्य तपासणीतलीही चालतील. वजन स्थिर आहे पण उंची वाढतेय, याचाही आमच्या लेखी अर्थ वजन कमी पडतंय असाच होतो. आठवडाभराची वही करा : काय खाल्लं, किती वाजता दुखलं, जेवणाआधी की नंतर, शी किती वेळा आणि कशी. शी काळी दिसली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मात्र लोहाची गोळी किंवा सिरप चालू असेल तर ते आधी सांगा, कारण लोहानेही शी काळी होते.